पोषण महिन्याच्या फ्लेक्सवरील सफरचंदास

माननीय सफरचंदराव यांस,
सा. न. वि. वि.

2018 पासून सप्टेंबर आला की आपण पोषण माह साजरा करायला जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर येता. येता म्हणजे अंगणवाडीच्या भिंतीवर टांगले जाता. शेजारी ब्रोकोली, पिवळी ढब्बू मिरची आणि दुधाचा काठोकाठ भरलेला पेला. सगळ्यांच्या अंगावर टपोरे थेंब. मोखाड्यात मार्चनंतर एवढं स्वच्छ पाणी एका जागी फक्त आपल्याच गालावर दिसतं.

आपल्या स्वागताला कार्यक्रमही जोरात होतात. पोषण प्रतिज्ञा, पाककृती स्पर्धा, तिरंगा थाळी, भाज्यांची रांगोळी. रांगोळीतल्या गाजरांची मुलांना कोशिंबीर देता आली असती, पण कोशिंबिरीचा फोटो तितका खुलत नाही, आणि फोटो तर वर पाठवायचा असतो. मग अंगणवाडीच्या ताई बायांना सांगतात, रोज हिरवी पालेभाजी खा, डाळ खा, ऋतूतलं फळ खा. बाया मान डोलावतात. मान डोलावण्यात त्या आता तरबेज झाल्या आहेत.

सफरचंदराव, या बायांशी आपली नीट ओळख कुणी करून दिलेली दिसत नाही. पहिल्या पावसात जंगलातून शेवळं खुडून आणायची, ती काकडाच्या आंबट फळांबरोबरच शिजवायची, नाहीतर घसा खाजून जीव हैराण होतो, हे त्या आईकडून शिकल्या. टाकळा कोवळा असतानाच घ्यायचा, कंटोळी कुठल्या कुंपणावर लागतात, कुर्डू कधी जून होतो, हे त्यांना पाठ आहे. नागलीची भाकरी त्या पिढ्यान् पिढ्या थापत आल्या. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आपल्याला दोन आकडी गाठतानाही दम लागतो. तरी भिंतीवर मान आपला, कारण आपण फोटोत लालबुंद दिसता. चिरल्यावर आपण काळे पडता म्हणून आपल्यात लोह फार, अशी एक समजूत लोकांत आहे. ती खोटी आहे हे आपणच एकदा जाहीर करून टाकावं. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्या बायकांना खोट्या आशेवर ठेवणं बरं नव्हे.

बायांना भाजी कळते, ती ताटात टिकत नाही. शेवळं पहाटे रानात, सकाळी एसटीत आणि दुपारी ठाण्याच्या फुटपाथवर असतात. येणाऱ्या पैशांत तेल, मीठ, मिरची आणि पोराचं औषध बसवायचं असतं. पावसाळा सरला की रानही हात आखडतं. दिवाळीनंतर तर निम्मा पाडा भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातो. त्याच्यामागे अंगणवाडीही चालत जाते, असं मी अजून पाहिलेलं नाही.

यावर उपाय म्हणून आपल्या शेजारच्या फ्लेक्सवर परसबाग असते. कल्पना छान आहे. मला फक्त एक शंका आहे. मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याला मध्य वैतरणेचं धरण आहे. त्याचं पाणी मुंबईच्या नळाला येतं आणि उन्हाळ्यात याच तालुक्यात टँकर फिरतात. डोईवर हंडा घेऊन चढ चढून आलेल्या बाईने आधी पोराला पाजायचं की पालकाच्या वाफ्याला, एवढं कृपया कुणीतरी पुढच्या फ्लेक्सवर छापावं.

पैशांचंही बोलू. अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक आहारासाठी केंद्राने 2017 साली दिवसाला 8 रुपये ठरवले, गरोदर बाईसाठी साडेनऊ. आपण 8 रुपयांत किती येता? बहुधा देठ आणि एखादी बी. आहार कंत्राटदारांच्या हाती देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालीच बजावलं होतं. तरीही घरी न्यायला मिळतं ते आहाराचं तयार पाकीट. 2025 पासून त्या पाकिटासाठी बाईला मोबाइलसमोर चेहरा जुळवून दाखवावा लागतो. रेंज नसेल त्या दिवशी ती स्वतःच आहे हे सिद्ध होत नाही. त्याच वर्षी जानेवारीत शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा खर्च राज्याने थांबवला आणि अंडं लोकसहभागातून द्या असं सुचवलं. लोकसहभाग म्हणजे ज्याची कोंबडी, त्यानेच अंडंही द्यायचं.

सगळंच वाईट आहे असं म्हणणार नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं गरम जेवण मिळतं, लहानग्यांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं ठरलेलं आहे. हे जेवण गावातच शिजतं. जिथे वेळेवर पैसे पोचतात तिथे ते चांगलं चालतं आणि त्याला आपल्या फोटोची गरज पडत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या सप्टेंबरात आपण यायचं असेल तर पेटीतून या, फ्लेक्सवरून येऊ नका. ते जमत नसेल तर आपल्या छपाईचा खर्च अमृत आहाराच्या स्वयंपाकाला देऊन टाका. जून ते सप्टेंबर याच पाड्यांवरच्या बायांकडून ठाण्याच्या बाजारभावाने टाकळा, कंटोळी, शेवळं विकत घ्या आणि याच पाड्यांवरच्या पोरांच्या ताटात वाढा. नंतरचे महिने आठवड्याच्या बाजारातून भाजीचा एक टेंपो वर आणा आणि वीटभट्टीवरही एक पातेलं चढवा. एवढं झालं की व्याख्यान वाटेल तेवढं लांबवा, बाया जेवता जेवता ऐकतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नागलीची भाकरी खाणारा एक

ता. क. हे पत्र ठाणे-दादरच्या कुणी वाचलं तर त्यांच्यासाठी: जूनमध्ये शेवळं विकणारी बाई फुटपाथवर दिसेल. भावात घासाघीस करू नका, आणि काकड तिच्याकडूनच घ्या.