ऐकलंत का, कोपऱ्यावर पार्लर निघालंय!

अहो, या ना जरा कुंपणापाशी, कपडे काय वाळतीलच. परवा रात्री कोपऱ्यावरच्या घरातून ढिशुम-ढिशुम येत होतं, ऐकलंत का? मला वाटलं, लागली दोघांची. कानच लावून बसले होते मी. पण कसलं भांडण नि कसलं काय! भाऊजी गेम खेळत होते. हो हो, तेच भाऊजी, गणपतीच्या मीटिंगमध्ये दोन रुपयांचा हिशेब मागणारे.

पार्सलं आमच्याकडे यायची हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. "वहिनी, ठेवून घ्या, हिला बोलू नका." मी कशाला बोलतेय! खोक्यावर काय लिहिलंय तेवढं वाचायची, बस. त्या प्रकाराला म्हणे सुपरगन म्हणतात. नावावर जाऊ नका, आत बंदूक-बिंदूक काही नाही. पूर्वी व्हिडिओ गेमच्या पार्लरात उभी कपाटं असायची ना, नाणं टाकलं की चालणारी? त्यातलं कपाट सोडून द्यायचं आणि आतला बोर्ड तेवढा घरच्या टीव्हीला जोडायचा. मधलं जे काय लागतं, ते किटमधून आपल्या हातानं बनवायचं. उद्योग नाहीत दुसरे!

बोर्ड कुठला विचाराल तर 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, 1993 चा. तुमच्या थोरल्याला विचारा, तो 'मुस्तफा' म्हणेल. क्लासच्या नावाखाली कुठे जायचा तो... जाऊ दे, आता त्याचं लग्न झालंय. तर बंद पडलेल्या एका पार्लरवाल्याच्या माळ्यावरून भाऊजींनी तो उचलला. डुप्लिकेट आहे, पण भाऊजी म्हणतात डुप्लिकेट आहे तेच बरं. अस्सल बोर्डात एक बॅटरी असते, ती संपली की आतली गुप्त किल्ली पुसली जाते आणि गेम मेला. नकलीवाल्यांनी ते कुलूपच काढून टाकलेलं. म्हणजे चोराचा माल टिकला आणि सावाचा गेला. आहे की नाही कलियुग?

तर काय सांगत होते... हां, लॅमिंग्टन रोड. मोतीबिंदू डॉक्टरांना दाखवायचा म्हणून भाऊजी पंचवटीने मुंबईला गेले ना, ते डॉक्टर-बिक्टर काही नाही! दादरला उतरून सरळ ग्रँट रोडला, त्या लॅमिंग्टन रोडवर, आणि पिशवी भरून कनेक्टर, बटणं, जॉयस्टिक. येऊन मला एवढा लांब कनेक्टर दाखवला, एका अंगाला 28 पट्ट्या, दुसऱ्या अंगाला 28. 1985 मध्ये जपानच्या मशीनवाल्यांच्या संघटनेनं ठरवून टाकलं, कुठल्याही कंपनीचा गेम असो, वीज इथून, चित्र तिथून, नाण्याची तार अमुक पट्टीला. जामा म्हणतात त्याला. आपल्या सोसायटीत पाण्याच्या वेळेवर एकमत होत नाही आणि तिथे बघा! फक्त बोर्ड उलटा खोचायचा नाही. उलटा गेला तर वीज भलतीकडे, की धूर. म्हणून एका जागी खाच ठेवलेली असते. वीज कुठून, तर जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून. हिरवी तार काळीला टेकवली की तो चालू होतो. पण आधी मीटर लावून 5 व्होल्ट नीट येतात का बघायचे, मगच बोर्डाला हात. एवढं सगळं मला पाठ झालंय, सांगायचं कोणाला?

आता खरी मजा ऐका. भाऊजींची बायको, आपल्या वहिनी, माहेरी गेलेल्या, तेवढ्यात भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचं दुकान मांडलं. आधी बुटके रेझिस्टर, मग चिपची बैठक, शेवटी उंच कपॅसिटर, असं चाललेलं. आणि वहिनी एक दिवस आधीच परत! दारातूनच, "काय जळतंय?" भाऊजींचा चेहरा असा पडला म्हणून सांगू... त्यात टेबलक्लॉथला भोक. त्यांचा भाचा होता तिथे, तो मेला आगीत तेल ओततो, "मामी, हाच गेम मोबाईलवर फुकट मिळतो." झालं! वहिनी बोलल्याच नाहीत. संध्याकाळी मला मात्र विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, "पार्सल यायचं एवढं माहीत." खोटं काय बोलले त्यात?

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी सगळं जोडून जुना डबा टीव्ही लावला. गेम सुरू झाला, गाड्या आल्या, डायनोसॉर आले, पण सगळं ब्लॅक अँड व्हाईट! भाचा खी-खी हसतोय, भाऊजी तारा हलवताहेत. आणि स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटता, वहिनींचा आवाज, "पाल आहे की एनटीएससी?"

अहो, मी तिथेच होते, साखर मागायला गेलेले. भाऊजींचं तोंड उघडंच. विसरलातच ना तुम्ही पण? वहिनींच्या वडिलांचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं की! अमेरिकेतून कोणाच्या लग्नाची कॅसेट आली आणि रंग दिसेना की लोक त्यांच्याकडे यायचे. वहिनी पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. बोर्ड लाल, हिरवा, निळा वेगवेगळा देतो, आणि आपल्या टीव्हीला मेली एकच पिवळी पिन, म्हणून मध्ये रंग एकत्र करणारी चिप असते. त्या चिपशेजारचा क्रिस्टल 3.58 चा होता, अमेरिका-जपानचा. आपल्याकडच्या टीव्हीला 4.43 लागतो. वहिनींनी माळ्यावरून वडिलांची पत्र्याची पेटी काढली, मेलेल्या टीव्हीच्या बोर्डावरून बरोब्बर तसला क्रिस्टल उपटला, आणि वर म्हणतात, "तुमचं हे ड्राय सोल्डर आहे, हेही, हेही." सोल्डरिंग आयर्न स्वतःच घेतली हातात! दोन तारा फिरवून पुन्हा लावलं, तर काय हो रंग! भाच्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

परवा रात्रीचा तो आवाज त्यानंतरचा. बोर्डातून आवाज स्पीकर दणाणवण्याइतका तगडा निघतो, तो कमी न करता तसाच टीव्हीत सोडलेला. आता बसवलंय काहीतरी मध्ये.

मग सेक्रेटरी तक्रार करायला गेले ते दहापर्यंत परतलेच नाहीत. मोबाईलवाला भाचा म्हणे नंबर लावून बसतो, जॉयस्टिकवर काही वेगळंच वाटतं म्हणतो. नाणं नाही लागत, बटण दाबलं की नाणं टाकल्यासारखंच. पण वहिनींनी चिंचेची रिकामी बरणी ठेवलीय, खेळायचं तर खरा रुपया टाकायचा. टेबलक्लॉथ निघाला पाहिजे ना!

फक्त एक भानगड झालीय. त्या जामात तारा दोघांपुरत्याच, आणि हा गेम तिघांचा. भाऊजी नि भाचा बसले की वहिनी उभ्या. तिसऱ्यासाठी बोर्डावर वेगळी जोडणी असते, तिची तार मागवावी लागते. काल मागवली म्हणे. आणि ऐकलंत का, ह्या वेळचं पार्सल आमच्याकडे नाही येणार! थेट त्यांच्याच घरी, वहिनींच्या नावावर. म्हणजे आता खोक्यावर काय लिहिलंय ते मला कळायचं कसं, सांगा बरं?