थोडक्यात सांगतो

आमच्या वराळ्यातल्या निवृत्त गुरुजींनी विशेषणांशी उभा दावा मांडलाय. रविवारी ओसरीवर पोरं जमतात. कुणी ‘एक कंजूष शेठ होता’ असं लिहिलं, की गुरुजींची लाल पेन्सिल ‘कंजूष’वर आडवी. “तू कशाला चुगली करतोस? शेठला बोलू दे, तोच सांगेल!”

मग पुराव्याला पुलं येतात. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला 1965 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो गुरुजींच्या मते अंतू बर्व्याला तोंड उघडू दिलं म्हणून. त्यानंतर तळेगावात राहिलेले आप्पा, म्हणजे गोनीदा. मुंबईला पाठ फिरवून राजमाचीवर परतलेला त्यांचा बुधा झाडापाखरांशी कसा बोलतो, हे सांगताना गुरुजींचा आवाज कातर होतो. (विशेषण माझं. गुरुजींनी खोडलं असतं.)

गृहपाठ एकच: कान उघडे ठेवून फिरा आणि एक वाक्य आणा. पोरांनी गाव पिंजून काढलं. एकाने किराणावाल्याचं आणलं: “उधारीची घाई नाही हो, वहीची पानं संपली एवढंच.” दुसऱ्याने आजीचं: “मला काय, घोटभर चहा पुरे. दूध तेवढं म्हशीचं घाल.” जमिनीच्या एजंटाची तर अर्धी वही भरली. “दादा, यात आपल्याला काही मिळत नाही,” हे त्याने एकाच गिऱ्हाइकाला तीनदा ऐकवलं होतं. शिवाय “प्लॉट इंद्रायणीला लागून आहे.” ते खरंच आहे, पावसाळ्यात इंद्रायणीच प्लॉटला लागून असते.

आता गावात पोरगं जवळ आलं, की मोठी माणसं जपून बोलतात.

परवा सहावीतल्या एका मुलीने वही पुढे केली. गुरुजींनी मोठ्याने वाचलं: “‘थोडक्यात सांगतो,’ असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. काकूंनी चहा ठेवला. चहा उतू गेला. उरलेला गाळला, आम्ही प्यायलो, कप विसळून झाले. मग ते म्हणाले, ‘तर मुद्दा असा...’”

आत काकूंना ठसका लागला.

“वा! एक विशेषण नाही, तरी माणूस उभा! कोण गं हा? तुझे आजोबा?”

“नाही, शेजारचे.”

दहापैकी नऊ गुण पडले. एक कुठे गेला, असं तिने विचारलं.

“थोडक्यात सांगतो,” म्हणत गुरुजींनी चष्मा काढला. आत काकूंनी आधण ठेवलं.