मौनव्रती मधुचंद्र

नवदांपत्याने परस्परांशी बोलू नये, अशी निर्वेध तजवीज अखेर अंदमानात, २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणविल्या जाणाऱ्या स्वराज द्वीपावर, झाली, हे अभिनंदनीयच होय. प्रकृतीच्या घोषणापत्रावर सही ठोकून, पोहण्याचा गंध नसलेली ती दोघे तोंडात नळी धरून १२ मीटरपर्यंत सागरात उतरतात. बोहल्यावर मामा पाठीशी असतो, येथे हवेची टाकी धरून प्रशिक्षक. श्वास रोखू नये, एवढीच अट. (संसारात ती उलटते.) यापुढे सप्तपदीही तेथेच उरकावी, म्हणजे आप्तेष्टांची भाषणे टळतील. तेथे सपत्नीक उतरलेल्या आमच्या भाच्याने छायाचित्रासाठी हर्षभराने अंगठा उंचावला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर न्या'. प्रशिक्षकाने दोघांना तत्परतेने वर आणले, आणि नळ्या निघताच पहिले संभाषण झाले.