खोडाखोडीचा रियाज
साठीनंतर कुणाला चित्रकलेचं वेड लागलं, की मंडळी हमखास रवींद्रनाथ टागोरांचा दाखला देतात. दाखला खराच आहे. ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यातून पक्षी-श्वापदं उगवली आणि १९३० साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पॅरिसला त्यांचं प्रदर्शन भरलं. कोणी म्हणेल, नोबेल गाठीशी असलं की रेघोट्यांचीही चित्रं होतात. होवोत, पण नुसत्या नावाच्या जोरावर दोन हजार चित्रं होत नाहीत, हात चालवावा लागतो. आपल्याकडे क्रम उलटा: आधी ईझल, महागडे रंग, हॉलचं बुकिंग, चित्र सवडीनं. रवींद्रनाथांकडून घ्यायचंच, तर वयाचा आधार नव्हे, स्वतःचंच लिहिलेलं खोडायची तयारी घ्यावी. साठीनंतर नेमकी तीच आटते.