आग्रहावाचून आतिथ्य

पांझरेचे पाणी साक्री तालुक्यातून निघून, धुळे शहर आणि आमचे देवपूर यांच्यामधून वाट काढीत मुडावदपाशी तापीला मिळते आणि तापी ते सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्राच्या स्वाधीन करते, ही गोष्ट नकाशात नमूद असल्यामुळे, समुद्राशी आम्हा देवपूरकरांचा काहीच संबंध नाही असे म्हणणे दप्तराला धरून होणार नाही. परंतु हा संबंध आजवर एकतर्फी राहिला, म्हणजे फडांवरची शेते पाळीपाळीने भिजवून आणि अक्कलपाड्याच्या धरणात अडून जे काही उरेल ते पाणी आम्ही धाडावे आणि समुद्राने त्याची साधी पोचही देऊ नये, अशा स्वरूपाचा. महसूल खात्यात पैसेवारी, टंचाई आणि टँकर यांचीच विवरणपत्रे भरून सेवानिवृत्त झालेल्या माझ्यासारख्या अव्वल कारकुनाने या समुद्राच्या तीरावर, तेही एका पंचतारांकित हॉटेलात, चार दिवस पाहुणा म्हणून राहावे, ही घटना माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीतून घडणे शक्यच नव्हते, हे वाचकांनी ओळखले असेलच.

ती घडली माझ्या शालकांच्या पुण्याईने. त्यांचे शिंदखेड्यास बी-बियाणे, खते व औषधे यांचे दुकान आहे. कपाशीच्या बियाण्याच्या एका कंपनीने ठरवून दिलेले विक्रीचे लक्ष्य त्यांनी गाठले आणि त्याचे बक्षीस म्हणून कंपनीने त्यांना सहकुटुंब गोव्याच्या सहलीचे कुपन दिले. परंतु कंपन्यांचाही हिशेब पक्का असतो, आणि गोव्याची हॉटेले ज्या ऐन पावसाळ्यात स्वस्त असतात तोच नेमका पेरणीचा व युरियाच्या रांगांचा हंगाम असल्यामुळे, ज्याने लक्ष्य गाठले त्याला दुकान सोडता येऊ नये आणि ज्याला दुकानच नाही त्याला हॉटेल मिळावे, असा विलक्षण न्याय होऊन ते कुपन मी, आमची सौभाग्यवती आणि आमची फुई, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, अशा तिघांच्या नावे वर्ग झाले. मनमाडास गोवा एक्सप्रेस पकडून, दूधसागर डोळ्यांत साठवून, आम्ही मडगावास उतरलो.

समुद्रकाठी राहण्यासाठी पैसे मोजावेत ही कल्पना आपल्याकडे फारशी जुनी नाही. १९६१ च्या डिसेंबरात मुक्त होईपर्यंत गोव्यात पाऊल ठेवायलाच परवाना लागे. पुढे १९७४ साली, पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये बांधलेल्या आग्वाद किल्ल्याच्या समुद्राकडच्या बुरुजापाशी ताज समूहाने हॉटेल उघडले आणि १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलातल्या देशांच्या शासनप्रमुखांना विश्रांतीसाठी गोव्यात आणले गेले, तेव्हा हा किनारा जगाच्या नकाशावर चढला. योगायोग असा की, त्याच १९७४ च्या सुमारास तिकडे मेक्सिकोत, मध्यवर्ती बँकेच्या अधिकाऱ्यांनी नकाशे आणि आकडे पुढे मांडून निवडलेल्या कान्कुन नावाच्या जवळजवळ निर्जन वाळूच्या पट्ट्यावर पहिली हॉटेले उघडली, आणि आज लाखो लोक तेथे काहीही न करण्यासाठी विमानाने जातात. कागदावर आधी आखून मग वसवलेल्या गावाविषयी मला आत्मीयता आहे, कारण आमच्या धुळ्याची नवी पेठही १८१९ च्या आसपास कॅप्टन ब्रिग्ज साहेबाने अशीच आखून वसवली. फरक इतकाच, की ब्रिग्ज साहेबाने कचेरी आधी आणली आणि विश्रांतीचा विचार कोणीच केला नाही.

आमचे हॉटेल साष्टीच्या किनाऱ्यावर होते. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दारात उतरताच एका तरुणीने आमच्या गळ्यात शिंपल्यांच्या माळा घातल्या, दुसऱ्याने कोकमाचे सरबत पुढे केले आणि तिसऱ्याने आमच्या सामानाला हात घातला. तेव्हा फुईने ठेच्याचा डबा आणि कळण्याच्या भाकरी ज्या पिशवीत होत्या ती पिशवी अशा निर्धाराने छातीशी धरली, की त्या सेवकाने तीत दागिने असावेत असा समज करून घेऊन आम्हाला तिजोरीचा वापर समजावून सांगितला. खोलीत पलंगावर उशांची वस्ती इतकी दाट होती की माणसांना जागा करण्यासाठी निम्म्या उशांचे स्थलांतर करावे लागले, आणि पायथ्याशी टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते. जिवासारखा दिसणारा पदार्थ तोंड पुसण्यासाठी मोडणे फुईला मान्य नव्हते. ते हंस आमच्या मुक्कामभर अबाधित राहिले आणि फुईने आपल्या पदराचा उपयोग केला.

तिसऱ्या प्रहरी पाऊस सुरू झाला. तो पाऊस होता हे आम्हाला काही वेळाने पटले, कारण गोव्यात एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो तेवढा आमच्याकडे उभ्या वर्षात पडत नाही. फुई सज्जातल्या वेताच्या खुर्चीवर मांडी घालून बसली आणि देवळात बसावे तशा स्तब्धतेने त्या धारांकडे पाहू लागली. इतक्यात टायवाला एक तरुण अधिकारी छत्री घेऊन आला आणि अत्यंत विनयपूर्वक म्हणाला की, या पावसामुळे आमच्या आनंदात जो व्यत्यय येत आहे त्याबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे. ज्या खात्यात पाऊस न पडल्याची जबाबदारी मामलेदारापासून मंत्र्यापर्यंत कोणीही कधी अंगावर घेतलेली मी पाहिली नाही, त्या खात्यात आयुष्य घालवलेल्या मनुष्यापुढे, पाऊस पडल्याची जबाबदारी घेऊन कोणीतरी हात जोडून उभा होता! अवर्षणामुळे सारा तहकूब करण्याच्या हुकुमांचे मसुदे मी पुष्कळ केले. परंतु वर्षणामुळे खोलीच्या भाड्यात सूट देणारे हे जगातील एकमेव संस्थान असावे. फुईला त्याचे म्हणणे समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्याले सांग, माफी नको मागू. थोडा आमना आंगे धाडी दे." आमच्याकडे थोडा पाठवून देण्याची ही विनंती मी हिंदीत सादर केली, ती त्याने हसून घेतली, दाखल करून घेतली नाही.

खरा पेच पडला तो रात्रीच्या भोजनगृहात. तेथे चांदीसारख्या झाकणांखाली पदार्थांच्या रांगा मांडलेल्या होत्या, कोणीही कितीही घ्यावे असा मुक्त परवाना होता आणि वाढणारे कोणीच नव्हते. परक्यास हे सुख वाटेल. परंतु खानदेशी माणसाचे जेवण हे अन्नाने होत नसून यजमान व पाहुणा यांच्यामधील रीतसर वादाने होते. आखाजीला घरी पाहुणा आला की खापरावरचे मांडे आणि आमरस पुढे येतो. पाहुण्याने 'पुरे' म्हणायचे, यजमानाने ते अमान्य करून वाढायचे, पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरायचे, यजमानीणबाईंनी बोटांच्या फटीतून तूप सोडायचे, आणि या सर्व अपिलांतून हरल्यावरच पाहुण्याला पोटभर जेवल्याचे समाधान मिळायचे. जो स्वतःहून तिसरा मांडा मागतो तो अधाशी आणि जो तीनदा नको म्हणून चार खातो तो संभावित, ही आमची नीती. आता या भोजनगृहात आपणच पाहुणे आणि आपणच यजमान. आपणच आपल्याला आग्रह करावा तर लाज वाटते आणि न करावा तर उपाशी राहावे लागते. आमच्या सौभाग्यवतींनी संकोचाने एक चमचा भात आणि दोन काकडीच्या चकत्या घेतल्या आणि फुई तर रिकामे ताट पुढे घेऊन कोणी वाढायला येण्याची वाट पाहत बसली. शेवटी मी फुईला वाढले, फुईने सौभाग्यवतींना, सौभाग्यवतींनी मला, आणि "अहो, एवढं तरी घ्याच" या शब्दांचा उच्चार होताच आमच्या टेबलापुरता तरी कायद्याचा अंमल पूर्ववत सुरू झाला.

दुसऱ्या रात्री हॉटेलाने मेक्सिकोची मेजवानी ठेवली होती. रुंद कडांच्या टोप्या घातलेले, बहुधा झारखंडकडचे दोन तरुण गिटार वाजवत होते आणि स्वयंपाकी मक्याच्या पातळ पोळ्या तव्यावर टाकत होता. त्याने टोमॅटो-मिरचीची एक चटणी दाखवून, ही फार तिखट आहे, जपून घ्यावी, असा इशारा दिला. आता मिरची ही मूळची मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती याच पश्चिम किनाऱ्यावर उतरली, घाट चढली, आणि आज नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल गालिचे अंथरल्यागत वाळत असते. तिने एवढा प्रवास करून आमच्या फौजदारी डाळीपर्यंत मजल मारली आणि जेथे ती प्रथम उतरली तेथेच तिच्याविषयी इशारे द्यावेत, हे फुईला सहन होण्यासारखे नव्हते. तिने ती चटणी भाजीसारखी खाल्ली, मग पिशवीतून आपला डबा काढला आणि स्वयंपाक्याच्या हातावर चिमूटभर ठेचा ठेवला. त्या सज्जनाचे डोळे भरून आले. ते केवळ कृतज्ञतेने, असे आम्ही मानून घेतले. मक्याविषयीही आपले काही देणे-घेणे आहेच: वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, मायदेशाची वाट बंद झाल्यावर मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक होऊन त्यांनी तेथील मक्याच्या वाणांवर संशोधन केले. मी हे त्या गिटारवाल्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी गाणे थोडे मोठ्याने सुरू केले.

निघायच्या आदल्या सायंकाळी उघडीप पडली म्हणून आम्ही वाळूवर गेलो. लाटांत उतरू नये म्हणून लाल निशाणे रोवलेली होती. फुईने समुद्र नीट पाहून निकाल दिला: "इतलं पानी, आन् पेवाले घोटभर बी कामनं नही!" हॉटेलाच्या खुर्च्या जेथे संपत तेथे एक दोरी बांधलेली होती. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून भरतीच्या रेषेलगतच्या ५०० मीटरांच्या पट्ट्यातल्या बांधकामावर केंद्र सरकारचे नियंत्रण आहे, आणि किनाऱ्याची वाळू तर सरकारची, म्हणजे आपलीच. तेव्हा हॉटेलवाला समुद्र विकत नाही, त्याच्यापुढची खुर्ची आणि त्या खुर्चीपर्यंत कोणी येणार नाही एवढी हमी विकतो, हे माझ्या लक्षात आले. दोरीपलीकडे विजापूरकडचा एक म्हातारा शेगडीवर कणसे भाजत होता. फुई दोरी ओलांडून गेली, एक कणीस घेतले आणि पैसे देऊ लागली, तोच तो म्हणाला, "आजी, आणखी एक घ्याच. कोवळं आहे." फुईने ताबडतोब नको म्हटले. त्याने पुन्हा आग्रह केला. तिने पुन्हा नको म्हटले, हात आडवा धरला, पोट भरल्याची साक्ष दिली आणि अखेर दुसरे कणीस घेऊन अशा तृप्त मुद्रेने परतली, की एवढ्या दिवसांत ती प्रथमच जेवली असे मला वाटले.

या सर्व अनुभवांती माझी सूचना अशी आहे की, अशा हॉटेलांनी आपले होतकरू अधिकारी दर वर्षी आखाजीच्या सुमारास देवपुरात पाठवावेत. पाहुण्याच्या 'नको' या शब्दाचे किती प्रकार असतात, त्यांपैकी कोणता खरा समजायचा आणि हाताखालून ताटात तूप कसे पोचवायचे, याचे प्रशिक्षण आमच्या गल्लीतील कोणतीही गृहिणी विनामूल्य देईल. उलट आम्हीही त्यांच्याकडून, पाहुण्याला मिनिटभर एकटे सोडण्याची विद्या शिकून घेऊ. आमच्याकडच्या लग्नसराईतून सुटून येणाऱ्या जावयांना तिचा फार उपयोग होईल. या प्रस्तावाला मंजुरी मिळेल तेव्हा मिळो. तूर्त शालकांचे पुढील हंगामाचे लक्ष्य पूर्ण व्हावे यासाठी सर्व नातलगांनी कपाशीचे बियाणे त्यांच्याच दुकानातून घ्यावे, असे फुईने तोंडी फर्मावले आहे, आणि ज्यांना शेती नाही त्यांनी नको म्हटले तर ते 'नको' तिने ऐकून घेतलेले नाही.