उलटा हात

सकाळी सात वाजता दारात पिकअप उभी. तिच्यात टोमॅटोचे क्रेट, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि मालक न्हाणीच्या बाहेर आरशासमोर एका गालाला फेस फासून उभे. हे आमचे दाजी. नारायणगावच्या बाजारात भाव पडला तर दोष सरकारचा, पण गाडी उशिरा पोचली तर दोष धारेचा. "आज ब्लेड बसलंच नाही मनासारखं," एवढं सांगून ते हनुवटीवर पेपरचा कपटा चिकटवतात आणि गाडीत चढतात. कपट्यावर बहुधा बाजारभावाचं पान असतं.

वर्षापूर्वी हाच माणूस पिवळ्या दांडीचं प्लॅस्टिकचं रेझर दोन-दोन महिने वापरायचा. वापरा आणि फेका यातलं 'वापरा' त्यांना पटलं होतं, 'फेका' नव्हतं. दाढीला चार मिनिटं, लग्नाला जायचं असेल तर पाच.

दाजी एकटे नाहीत. जुन्नर-आंबेगावात आता गावागणिक असा एखादा सापडतो. याला जुन्याचा नवा नाद असतो. आधी घरात तांब्याचा हंडा येतो, मग लाकडी घाण्याचं तेल, मग बिडाचा तवा. दाजींनी पाटा-वरवंटाही आणला होता. आणायचा त्यांनी, वाटायचं ताईने. आठ दिवसांत तो पाटा मागच्या दाराला पायरी म्हणून बसला. दाढीच्या प्रयोगाला मात्र ताईची हरकत नाही, कारण यात सांडणारं रक्त त्यांचं स्वतःचं आहे.

सुरुवात माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून झाली. दाजींच्या आईच्या वडिलांचं पितळी मशीन सापडलं. तीन तुकड्यांचं. दांडी फिरवली की टोपी सुटते, टोपी आणि फणीच्या मध्ये ब्लेड ठेवायचं, पुन्हा पिळायचं. दाजींनी चिंच लावून ते असं घासलं की देव्हाऱ्यातला बाळकृष्ण त्यापुढे मळका दिसायला लागला. मग ब्रश आला. तो डुकराच्या केसांचा आहे हे मला माहीत आहे. घरातल्या माळकरी आजींना तो घोड्याच्या केसांचा म्हणून सांगितलेला आहे. मग साबणाची वाटी, तुरटीचा खडा, आणि सात प्रकारची ब्लेडं. टोमॅटोच्या वाणांची नोंद असते त्याच वहीत, मागच्या पानापासून, ब्लेडांची नोंद आहे: 'तिसऱ्या दाढीला ओढतं.' 'गळ्याला गोड.' 'पावसाळ्यात नको.'

मला शिकवताना ते ब्रश भिजत घालून गोष्ट सुरू करतात. "घाई करायची नाही. तीस अंश. हात मोकळा. वजन मशीनचं, आपण फक्त वाट दाखवायची." पहिला हात वरून खाली, केसाच्या दिशेने. पुन्हा फेस. दुसरा आडवा. पुन्हा फेस. तिसरा उलटा, खालून वर. त्यात खरी मजा, आणि खरा धोकाही त्यातच. उलट्या हाताला ते श्वास रोखतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो तो नेमका याच वेळी.

मी एकदा करून बघितली. दोन हात उत्तम गेले. तिसऱ्याला मला वाटलं जमलं, आणि मी दाबलं. कानाखाली काय झालं ते सांगत नाही. दाजी तुरटी घेऊन धावत आले आणि आनंदाने म्हणाले, "दाबलंत! मेव्हणे, तुम्ही दाबलंत!"

"हे परंपरेचं आहे," असं ते म्हणतात तेव्हा माझ्या जिभेवर एक गोष्ट येते आणि मी ती गिळतो. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याने 1904 साली या मशीनचं पेटंट मिळवलं. त्याची सगळी युक्ती एवढीच होती, की ब्लेडला धार लावत बसायचं नाही, बोथट झालं की फेकायचं. म्हणजे दाजी ज्याला पूजतात तो वापरा-आणि-फेका पंथाचा मूळपुरुषच. पण जेवायला बसलेल्या मेव्हण्याने असं बोलू नये. आणि बोललं तरी उत्तर तयार असतं: "सातवाहन काय प्लॅस्टिकने करायचे?" आता नाणेघाटातल्या लेण्यात त्या राजघराण्याच्या मूर्ती होत्या खऱ्या, पण त्यांचे पायच तेवढे उरलेत. दाढी होती की नव्हती, कोणाला विचारणार?

बचतीचा मुद्दाही असतो. ब्लेड दोन-तीन रुपयांचं, एका ब्लेडात चार दाढ्या. ताईचा हिशेब वेगळा आहे: "दाढी रुपयाची झाली, दाढीवाला आठ हजारांचा." शिवाय हे सगळं नातवापर्यंत टिकेल म्हणून घेतलेलं. भाचेबुवांनी मात्र छातीपर्यंत दाढी राखली आहे. ते तिला तेल लावतात.

मशीन जमायला लागलं तसं दाजींना ते बाळबोध वाटू लागलं. खरा मर्द वस्तऱ्याने करतो. प्रतापगडावर जिवा महाला होते, पन्हाळ्याला शिवा काशीद होते, दोघेही नाभिक, आणि आपण शिवनेरीच्या तालुक्यातले असून मशीनवर अडलोय, असा त्यांचा युक्तिवाद. मग आम्ही मोटारसायकलवर घोडेगावला निघालो. तिथे एक म्हातारे काका राहतात, दाजींच्या आजोळचे, म्हणजे जुन्या आंबेगावचे. ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याला त्याचं नाव राहिलं आणि कचेरी घोडेगावात. काका धोकटी घेऊन घरोघरी फिरलेले. आता दुकान मुलाचं आहे आणि तिथे अर्धं ब्लेड मोडून घालायचा वस्तरा चालतो, दर गिऱ्हाइकाला नवं.

काकांनी धोकटी काढली. वस्तरा, चामड्याचा पट्टा, धार लावायचा दगड. दाजींचे डोळे पाणावले. "काका, विकत द्या. म्हणाल ते देतो."

काका काही बोलले नाहीत. दाजींनी दाखवायला आणलेलं पितळी मशीन त्यांनी हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"हे तुमच्या आज्याचं."

"ओळखलंत?"

"न ओळखायला काय? हे आणलं आन् आमचं खळ्यावरचं भात बंद झालं. म्हणलं, आता आम्ही घरीच करतो."

दाजी गप्प बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. खिडकीत, आरशाच्या चौकटीला, निळ्या दांडीचं एक प्लॅस्टिकचं रेझर अडकवलेलं होतं.

"हे कोणाचं?"

"माझं. हात कापतो आता. यानं काय कापत न्हाय." मग दाजींच्या हनुवटीवरचे कपटे त्यांनी नीट न्याहाळले. "बसा हितं."

पाकिटातलं नवं रेझर काढलं. दोन बोटांनी साबण चोळला, हनुवटी वर उचलली. इतका वेळ थरथरणारा हात गालाला टेकला आणि स्थिर झाला.

"उलटा मारू का?"

दाजींनी डोळे मिटून मान हलवली. चार मिनिटांत काम झालं. तुरटीची गरज पडली नाही.

परत येताना मंचरपर्यंत दाजी एका हाताने गाल चाचपत होते आणि गाडी मी चालवत होतो. वस्तरा काही मिळाला नव्हता. नारायणगावच्या अलीकडे त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"मेव्हणे, तुमच्या ताईला सांगायचं, वस्तऱ्याने केली."