आकडा आहे, पण कसला?

वयाच्या रकान्यात आकडाच आलाय ना, एवढं बघायला नवशिका प्रोग्रामर पायथनच्या ‘इजडिजिट’ला दारावर बसवतो. हा पहारेकरी देवनागरी ‘४५’ला बिनतक्रार आत सोडतो, त्याबद्दल त्याचं कौतुकच. पण वर्ग दाखवायला आकड्याच्या डोक्यावर बसतो तो चिमुकला दोनही त्याला चालतो. पुढे मजकुराचा पूर्णांक करणारं ‘इंट’ या दोनला ओळखच दाखवत नाही आणि प्रोग्रॅम कोसळतो. उणे पाच मात्र दारातच अडतो, कारण उणे चिन्ह म्हणजे काही अंक नव्हे. वयापुरतं ठीक, तापमानाच्या रकान्यात मात्र द्रासच्या हिवाळ्याला प्रवेशबंदी! जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ तर रिकाम्या रकान्याचं मुकाट्याने शून्य करतं. उधारी शून्य असणं आणि उधारी लिहायचीच राहणं यातला फरक कुठल्याही वाण्याला कळतो.

मग रूपांतर करून बघावं, फसलं तर पुन्हा विचारावं, हा चार ओळींचा उपाय बरा. तरी तोही पुरत नाही. ‘एन-ए-एन’ ही तीन अक्षरं पायथनचं ‘फ्लोट’ आनंदाने घेतं, आणि त्यांचा अर्थ काय, तर ‘हा आकडा नव्हे’! ‘शून्याहून लहान किंवा १२०हून मोठं असेल तर हाकला’ असं लिहिलं, तर हे ध्यान दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ म्हणून आत शिरतं. ‘शून्य ते १२०मध्ये असेल तरच घ्या’ म्हटलं की बाहेर राहतं. म्हणून काय नको याची यादी करत बसू नये, काय हवंय ते सांगावं.

‘एवढा वेडा वापरणारा असतो कुठे?’ हा आक्षेप ठरलेला. २००५च्या डिसेंबरात तोक्योच्या शेअर बाजारात मिझुहो सिक्युरिटीज या दलाल पेढीला जे-कॉम कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. विकायला काढले ६,१०,००० शेअर, प्रत्येकी १ येनला. दोन्ही आकडे अस्सल पूर्णांक, फक्त जागा चुकलेल्या. जे-कॉमचे एकूण शेअर पंधरा हजारही नव्हते. नुकसान सुमारे ४० अब्ज येन. इशारा आला होता की, असं कुणी म्हणेल. आला होता, आणि ओलांडलाही गेला. पडद्यावरची चौकट दिसली की वाचण्याआधी ‘ओके’ दाबणं हे बोटांचं काम, त्यात डोक्याला कुणी विचारत नाही. एकूण शेअरांहून मोठी विक्री यंत्राने घ्यायलाच नको होती. पण त्यासाठी ‘आकडा आहे का’ याऐवजी ‘किती शेअर आहेत’ हे कुणीतरी त्याला आधी सांगायला हवं होतं.